पॉर्पसच्या पोटातलं डुक्कर

डॉल्फिनचा तो आखूड तोंडाचा चुलतभाऊ 'पॉर्पस' आणि हेतू या अर्थाचा 'पर्पज' यांचं काही नातं आहे का, असं विचारलंय. नाही. कानाला जवळ वाटतात एवढंच. (स्पेलिंग बघून 'पॉरपॉइज' म्हणू नका; 'टॉर्टस', म्हणजे कासव, याच्यासारखाच शेवट गिळायचा.)

पॉर्पसमध्ये दडलंय ते डुक्कर. लॅटिनमध्ये 'पोर्कुस' म्हणजे डुक्कर, 'पिस्किस' म्हणजे मासा. दोन्ही चिकटून जुन्या फ्रेंचमध्ये एक शब्द झाला आणि १०६६ला नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर त्या फ्रेंचमार्फत तो इंग्रजीत उतरला. गुबगुबीत चरबी, बोथट तोंड, वर येऊन फुसफुसणं, त्यामुळे उपमा चपखल. कॅनडाच्या अटलांटिक किनाऱ्यावर त्याला 'पफिंग पिग' म्हणायचे. गंमत म्हणजे मध्ययुगीन युरोपात उपासाला मांस वर्ज्य, मासा चालायचा. आणि हा सस्तन प्राणी बिनदिक्कत मासा म्हणून ताटात यायचा!

मला यातली खरी मजा अदलाबदलीत वाटते. इंग्रजीत आधी स्वतःचा 'मेरेस्वीन' होता, म्हणजे समुद्र-डुक्करच. तो मागे पडला, फ्रेंच शब्द टिकला. आणि फ्रेंच आज काय म्हणतात? 'मार्सुअँ'. तो जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-जर्मन-डॅनिशच्या कुळातल्या, भाषांकडून घेतलेला, मेरेस्वीनचाच भाऊबंद. डॅनिशमध्ये तर 'मार्सविन' म्हणजे पॉर्पसही आणि गिनीपिगही.

बाकी कुटुंब: पोर्क उघडच आहे. पॉर्क्युपाइन, म्हणजे आपलं साळिंदर, हे काटेरी डुक्कर. डुकरिणीच्या विण्याला इंग्रजीत 'फॅरो' म्हणतात, तोही पोर्कुसचा सख्खा. पितृ-फादर, पाद-फूट यांच्यात 'प'चा 'फ' होतो, तसाच इथे. पिस्किस आणि फिश यांचंही तेच.

सगळ्यात अनपेक्षित नातेवाईक पोर्सेलीन. इटालियनमध्ये 'पोर्चेल्लाना' म्हणजे कवडी, आणि तो शब्द 'तरुण डुकरीण' या अर्थाच्या 'पोर्चेल्ला'वरून. का, ते सारीपाटाची कवडी उताणी करून तिची दातेरी फट बघितलीत की कळेल. डुकरिणीच्या गुह्यांगाशी साम्य, म्हणून कोशकार तिथे जरा लाजतात. चिनी भांड्यांची झिलई कवडीच्या पाठीसारखी गुळगुळीत, म्हणून तेच नाव भांड्यांना चिकटलं. कवडीसाठी इंग्रजांनी मग 'काउरी' उचलला तो हिंदीतल्या 'कौडी'वरून. तिचं आणि आपल्या कवडीचं मूळ एकच, संस्कृत 'कपर्द'.