गाऱ्हाणे घालतात, सांगत नाहीत

प्रश्न असा आहे: गोव्यात घराचा पाया खणायचा असो, मुलीचे लग्न ठरो की मुलगा आखातात नोकरीला निघो, आधी ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणे घालतात. शब्दकोशात तर गाऱ्हाणे म्हणजे तक्रार. मग शुभकार्याच्या आरंभी देवाकडे तक्रार कशाची?

आधी क्रियापद पाहू. 'शेजाऱ्याचे गाऱ्हाणे सांगितले', 'सरपंचापुढे गाऱ्हाणे मांडले' यांत तक्रार आहे. 'घालणे' आले की अर्थ वळतो. देवापुढे आपण लोटांगण घालतो, दंडवत घालतो, प्रदक्षिणा घालतो. शिगम्याला मांडावर, म्हणजे गावाने ठरवलेल्या पवित्र जागेवर, नमन घालतात. गाऱ्हाणे याच रांगेतले. शिवाय पुण्या-साताऱ्याच्या वाचकालाही ही रचना परकी नाही, कारण तो 'देवाला साकडे घातले' असे सहज म्हणतो. साकडे मूळचे 'संकट'. तिथे अडचणीचे नावच विनवणीचे नाव झाले. गाऱ्हाण्याचे तसेच. त्याचा संबंध संस्कृत 'गर्हणा'शी, म्हणजे दोष देण्याशी, लावतात. दुःख बोलून दाखवणे, मग ते वडीलधाऱ्याच्या कानावर घालणे आणि शेवटी त्याच्याकडे सांभाळ मागणे, असा हा अर्थाचा प्रवास दिसतो.

म्हणून गाऱ्हाण्याला नुसते 'प्रार्थना' म्हणणे मला अपुरे वाटते. प्रार्थना मनातल्या मनातही होते. गाऱ्हाणे मोठ्याने, चारचौघांत आणि बहुधा दुसऱ्याच्या तोंडून. गुरव, घाडी किंवा मानकरी गावकर ते घालतो आणि ज्याचे काम असते तो हात जोडून बाजूला उभा राहतो. पुढ्यात नारळ आणि पानसुपारीचा विडा. आरंभी देवांची नावे: सातेरी, रवळनाथ, भूमका, सीमेवरचा राखणदार, जे त्या गावचे असतील ते. मग कोण आले आहे, कुठल्या घरातले, कशासाठी. मग मागणे. देवाला 'तू'च म्हणायचे: ठेवलेला नारळ मान्य करून घे, आजवर सांभाळलेस तसे पुढे सांभाळ, वाट अडली तर मोकळी कर. पेडण्याकडे आणि पलीकडे सावंतवाडीत जमलेले लोक मध्येमध्ये 'व्हय म्हाराजा' म्हणतात. हा होकार फार मोलाचा आहे. एकाचे मागणे त्याने सगळ्यांचे होते. शेवटी चुकल्यामाकल्याची क्षमा मागायची. इतक्या देवतांत एखादे नाव सुटले तर तेही त्यात सामावते.

गाऱ्हाणे आणि नवस एक नव्हेत. नवसात अट असते, म्हणून तो बोलतात आणि काम झाले की फेडतात. गाऱ्हाण्यात फेडण्यासारखे मागे काही उरत नाही, म्हणून 'गाऱ्हाणे फेडले' हा प्रयोग चुकीचा. 'गाऱ्हाणे केले' हेही कानाला खटकते.

गाऱ्हाण्याला कधीकधी उत्तरही मागतात. ते म्हणजे कौल. फोंडा तालुक्यातल्या अनेक देवळांत यालाच प्रसाद म्हणतात आणि बाहेरून आलेला माणूस तिथे हमखास गोंधळतो. 'प्रसाद लावला' ऐकून तो शिऱ्याची वाट पाहतो! इथे पुजारी मूर्तीवर ठरलेल्या जागी फुलाच्या पाकळ्या किंवा पाने पाण्याने चिकटवतो आणि प्रश्न सांगतो. सर्वसाधारणपणे उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. तपशील देवळागणिक बदलतात. प्रश्न हो-नाही असाच हवा. 'घर बांधू की विकू?' असे विचारले तर पडलेल्या पाकळीतून काय समजायचे? 'बांधावे असे असेल तर उजवी दे', असेच विचारावे लागते.

कौल हा शब्द अरबीतून आला, अर्थ बोल किंवा वचन. जुन्या कारभारात रयतेला किंवा व्यापाऱ्याला सरकार कौल देई, म्हणजे अभयाचे, अटी पाळण्याचे वचन. त्याचा कागद तो कौलनामा. देवाच्या शब्दालाही माणसांनी हाच शब्द वापरला, यात मला त्या शब्दावरचा केवढा तरी विश्वास दिसतो. क्रियापदे मात्र जपावीत. पुजारी कौल लावतो, देव कौल देतो, भक्त कौल घेतो. निवडणुकीच्या बातमीत मतदार देवाच्या जागी असतात, तेव्हा ते कौल देतात. 'मतदारांनी कौल लावला' असे लिहू नये. छपरावरचे मंगळुरी कौल हा वेगळाच शब्द. ते कौल नपुंसकलिंगी, अनेकवचन कौले. देवाचा तो कौल पुल्लिंगी.

लेखनाचेही सांगायला हवे, कारण चूक तिथेच सर्वाधिक होते. 'गार्हाणे' नव्हे, 'गाऱ्हाणे'. रफार दिला की आधीच्या अक्षरावर आघात येतो. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या, हा फरक बोलून पाहिला की लगेच कळतो. टंकताना साधा र न घेता खाली टिंब असलेला ऱ घ्यावा, त्याला हलन्त जोडून मग ह. वऱ्हाड, तऱ्हा, कऱ्हाड यांनाही हेच. अनेकवचन गाऱ्हाणी, सामान्यरूप गाऱ्हाण्या-: गाऱ्हाण्याला, गाऱ्हाण्यात.