शरण आलेल्याला अभय दिल्यावर पॅलेडिनची जबाबदारी कुठपर्यंत?

आपला प्रश्न मला समजला तो असा. नेरूळमधील आपल्या पाच जणांच्या गटात डन्जन्स अँड ड्रॅगन्स या, पात्रे घेऊन फाशांनी खेळायच्या कथाखेळाची पाचवी आवृत्ती, म्हणजे २०१४ची पुस्तके, वापरून खेळ चालतो आणि आपण ‘ओथ ऑफ डिव्होशन’ ही निष्ठेची शपथ घेतलेला पॅलेडिन, म्हणजे शपथेच्या बळावर दैवी शक्ती मिळालेला धर्मयोद्धा, खेळता. एका दरोडेखोराने शस्त्र खाली ठेवले, आपण त्याला अभय दिले, आणि रात्री मुक्कामात आपल्याच गटातील एका मित्राच्या चोर पात्राने त्याचा गळा कापला. आपण पहारा दिला नाही म्हणून शपथ मोडली आणि शक्ती गेली, असे डीएमचे, म्हणजे खेळ चालवणाऱ्याचे, म्हणणे आहे. उरलेल्या मित्रांचे म्हणणे असे की पॅलेडिन गटात असला की कोणालाच मोकळेपणाने खेळता येत नाही.

माझे मत आधी सांगतो: शक्ती जायला नको होती. मात्र त्यामुळे आपला काहीच संबंध नव्हता असे ठरत नाही, आणि या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या नाहीत तर हा वाद मिटणार नाही.

नियमांपासून सुरुवात करू. पॅलेडिन या खेळात १९७५च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीत आला, आणि तेव्हापासून त्याच्या आचरणावर अट आहे. १९७८च्या नियमपुस्तकात ही अट फारच कडक होती. जाणूनबुजून बेशिस्तीचे कृत्य केले तर किमान सातव्या पातळीच्या, सद्वर्तनी आणि नियमनिष्ठ धर्मगुरूपुढे कबुली देऊन प्रायश्चित्त घ्यावे लागे. दुष्कृत्य जाणूनबुजून आणि स्वेच्छेने केले तर पॅलेडिनपण कायमचे जाई. त्याला दहापेक्षा जास्त जादुई वस्तूही बाळगता येत नसत. २००८च्या चौथ्या आवृत्तीने उलट टोक गाठले. तिथे एकदा दीक्षा मिळाली की ती कोणी काढून घेऊ शकत नव्हते. आपल्या हातातील पुस्तक या दोन टोकांच्या मध्ये उभे आहे. त्यात म्हटले आहे की चूक झालेला पॅलेडिन आपल्या पंथाच्या धर्मगुरूकडे किंवा आपल्याच संघातील दुसऱ्या पॅलेडिनकडे क्षमा मागतो, रात्रभर प्रार्थनेत जागरण करतो किंवा उपास करतो. वर्ग, म्हणजे पॅलेडिन हा पात्राचा प्रकारच, सोडावा लागण्याची वेळ शपथ हेतुपुरस्सर मोडणाऱ्यावर आणि वर पश्चात्तापाची खूणही न दाखवणाऱ्यावर येऊ शकते, आणि तीही डीएमच्या विवेकानुसार. आपल्या प्रसंगात हेतूही नव्हता आणि निगरगट्टपणाही नव्हता. झोपेत असताना दुसऱ्याने केलेल्या खुनाला ‘हेतुपुरस्सर’ म्हणायचे असेल तर त्या शब्दाला काही अर्थच उरत नाही.

आता डीएमची बाजू, कारण ती पोकळ नाही. डिव्होशनच्या पाच तत्त्वांपैकी शेवटचे कर्तव्याचे आहे: आपल्या कृत्यांची आणि त्यांच्या परिणामांची जबाबदारी घ्यावी, आणि आपल्या स्वाधीन असलेल्यांचे रक्षण करावे. ज्याला आपण अभय दिले तो त्या क्षणापासून आपल्या स्वाधीन झाला. शत्रूवर दया दाखवावी, पण ती शहाणपणाने, असेही करुणेच्या तत्त्वात म्हटले आहे, आणि ज्या गटात एक जण दिवसभर त्या कैद्याकडे सुरी परजत बघत होता (आपण स्वतःच तसे लिहिले आहे), तिथे निर्धास्त झोपणे शहाणपणाचे नव्हते.

मात्र ‘पहारा दिला नाही’ हा आरोप करताना पूर्ण विश्रांतीचा नियम पाहायला हवा. आठ तासांच्या विश्रांतीत पात्राला पहाऱ्यासारखे हलके काम जास्तीत जास्त दोन तास करता येते. त्याहून जास्त जागलात तर ती विश्रांती धरली जात नाही, म्हणजे खर्च झालेले मंत्र परत मिळत नाहीत आणि हस्तस्पर्शाने जखमा भरण्याची शक्तीही भरून येत नाही. म्हणजे रात्रभर कैद्यापाशी बसणे शक्य होते, पण त्याची किंमत दुसऱ्या दिवशीच्या लढाईत मोजावी लागली असती. मी डीएम असतो तर झोपण्यापूर्वी हाच पर्याय आपल्यासमोर ठेवला असता: तुझ्या शब्दावर विसंबलेला माणूस इथे बांधलेला आहे, तू जागणार की झोपणार? त्या प्रश्नाला खेळाडूने दिलेले उत्तर ही त्याची स्वतःची निवड ठरते, आणि पतन व्हायचेच असेल तर ते अशा निवडीतून व्हावे. न विचारता सकाळी शिक्षा जाहीर करणे म्हणजे सापळा लावणे. गॉब्लिन या खेळातल्या शत्रू राक्षसांची पिल्ले समोर आणून ‘मारले तरी पाप, सोडले तरी पाप’ असा पेच घालणारे डीएमही हेच करतात, आणि त्याला नैतिक कसोटी म्हणायला मी तयार नाही.

पॅलेडिनची शक्ती का जाते हे समजून घ्यायला आपल्याला परदेशी सरदारांच्या कथांकडे वळण्याची गरज नाही. द्रोणपर्वात युधिष्ठिराचा रथ जमिनीपासून चार बोटे वर चालत असे, आणि अश्वत्थाम्याविषयी तो अर्धसत्य बोलला तेव्हा रथाची चाके जमिनीला टेकली. अश्वत्थामा नावाचा हत्ती मारून ओरडणारा भीम होता आणि युक्ती कृष्णाची होती. पण द्रोणाने विचारले युधिष्ठिरालाच, कारण विश्वास त्याच्या शब्दावर होता. रथ खाली आला तो त्याच्या स्वतःच्या तोंडच्या शब्दांमुळे. आपल्या प्रसंगात दरोडेखोराने तुमचा शब्द घेतला होता, चोराचा नव्हे. पण तो शब्द तुम्ही फिरवला नाही, तुमच्या पाठीमागे तो निष्फळ केला गेला. हा फरक मला निर्णायक वाटतो.

कर्णपर्वातील कौशिकाची गोष्ट याहून जास्त उपयोगी आहे. गांडीव दुसऱ्याला दे असे जो म्हणेल त्याला मारण्याची अर्जुनाची प्रतिज्ञा होती आणि ते शब्द नेमके युधिष्ठिराच्या तोंडून निघाले. तलवार उपसलेल्या अर्जुनाला कृष्ण सांगतो की सदैव खरे बोलण्याचे व्रत घेतलेल्या कौशिकाने जीव वाचवण्यासाठी रानात लपलेल्या माणसांचा ठावठिकाणा दरोडेखोरांना खराखुरा सांगितला, आणि त्या हत्येमुळे तो नरकात गेला. व्रतातील कलमे एकमेकांशी भिडली की वरचे कोणते आणि खालचे कोणते, हे ठरलेले नसले म्हणजे असे होते. पाथफाइंडर या अशाच दुसऱ्या खेळाच्या २०१९च्या दुसऱ्या आवृत्तीने पॅलेडिनसारख्या तिच्या चॅम्पियन वर्गासाठी हा क्रम लेखीच दिला आहे: तत्त्वे महत्त्वाच्या क्रमाने मांडलेली असतात आणि दोन तत्त्वांत विरोध आला तर वरचे पाळायचे. निरपराधाचे रक्षण खरे बोलण्याच्या वर येते. आपण वेगळा खेळ खेळत असलात तरी पाच तत्त्वांचा असा क्रम डीएमबरोबर बसून ठरवून घ्या. अर्ध्या तासाचे काम आहे.

मित्रांच्या तक्रारीबद्दल थोडे रोखठोक लिहितो. २०००च्या तिसऱ्या आवृत्तीत पॅलेडिनला दुष्ट व्यक्तींबरोबर जाणूनबुजून राहण्याची बंदी होती, आणि त्या एका नियमामुळे कित्येक पॅलेडिन खेळाडू आपल्याच गटाचे फौजदार झाले. आपल्या शपथेत तशी बंदी नाही. एकादशी करणाऱ्याने आपले ताट वेगळे घ्यावे, इतरांच्या पुढचे उचलू नये. ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरील आमच्या सोसायटीत मी शनिवारी खेळ चालवतो. आठवडाभर कार्यालयात वरिष्ठांचे ऐकून आलेल्या लोकांना संध्याकाळी फाशांच्या मेजावर पुन्हा प्रवचन नको असते, आणि ते रास्तच आहे. ‘तुम्ही कैद्याला मारू शकत नाही’ असे म्हणणारा पॅलेडिन नकोसा होतो. ‘हा माझ्या अभयाखाली आहे, याचे अन्न माझ्या शिध्यातून जाईल, आणि याच्यावर हात टाकायचा तर आधी माझ्याशी बोला’ असे म्हणणारा मात्र गटाला आवडू लागतो, कारण ओझे तो स्वतः उचलतो. माहिती काढण्यासाठी कोणी छळाचा विचार मांडला, तर आपल्या शपथेतच पाचव्या पातळीला ‘झोन ऑफ ट्रूथ’ हा सत्य बोलायला लावणारा मंत्र मिळतो. दहा मिनिटे टिकणाऱ्या त्या मंत्राच्या कक्षेत, ज्याच्यावर तो लागू झाला त्याला जाणूनबुजून खोटे बोलता येत नाही. छळाची भाषा त्यापुढे लवकर थंडावते.

पुढच्या बैठकीसाठी माझी सूचना अशी. शक्ती परत द्यावी, आणि त्याबदल्यात आपण जागरण आणि उपास स्वतःहून स्वीकारावा. मृताचे गाव शोधून काय घडले ते त्याच्या माणसांना सांगण्याची जबाबदारीही घ्यावी. डीएमला यातून दोन-तीन बैठकांचे कथानक मिळेल, त्यामुळे तो बहुधा नाही म्हणणार नाही. चोराशी भांडण पात्रांमध्येच ठेवा. पण त्या मित्राने डीएमला गुपचूप चिठ्ठी दिली होती की सर्वांसमोर सांगून गळा कापला, हे आधी विचारून घ्या. सर्वांसमोर सांगितले असेल तर आपल्याला जागे होण्याची फाशाची एक संधी तरी मिळायला हवी होती. चिठ्ठी असेल तर कैद्यांचे काय करायचे हे पाचही जणांनी पात्रे बाजूला ठेवून एकदा बोलून ठरवणे भाग आहे, आणि ती चर्चा सुरू करण्याचे काम डीएमचे आहे, पॅलेडिनचे नाही.