मालवणच्या पाण्यात कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याची सेटिंग काय ठेवावी?

आपण विचारले आहे की, मुंबईहून डिसेंबरात पुन्हा मालवणला डायव्हिंगसाठी जाताना कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याची आणि हाउसिंगची (कॅमेऱ्याच्या जलरोधक कवचाची) सेटिंग काय ठेवावी, कारण मागच्या वेळचे सगळे फोटो हिरवट, धूसर आणि पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेले आले. वेगळा फ्लॅश आपल्याकडे नाही, हे गृहीत धरून लिहितो. मीही मुंबईचाच आहे आणि माझे बरेचसे शिक्षण त्याच पाण्यात झाले आहे.

या तिन्ही तक्रारींचे मूळ मुख्यतः आपण आणि मासा यांच्यामधल्या पाण्यात आहे. पाणी लाल रंग सर्वांत आधी शोषते. पाच मीटर खोलीवर तो बराच फिका पडलेला असतो आणि त्यानंतर नारिंगी, पिवळा असे रंग क्रमाने मंदावत जातात. हा हिशेब केवळ खोलीचा नाही, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. आठ मीटरवरचा मासा तीन मीटर अंतरावरून टिपला, तर सूर्यप्रकाश खाली आठ आणि तिथून कॅमेऱ्यापर्यंत तीन, असा किमान अकरा मीटर पाण्यातून आलेला असतो. तोच मासा अर्ध्या मीटरवरून टिपला तर साडेआठ. त्यातच मास्कमधून वस्तू खऱ्या अंतराच्या साधारण तीन-चतुर्थांशावर दिसते, त्यामुळे जवळ पोहोचलो असे वाटते तेव्हाही आपण दूरच असतो. म्हणून झूम पूर्ण बंद ठेवावा आणि हात लांब केल्यास खडकाला लागेल असे वाटेल, इतके जवळ जावे. स्पर्श मात्र करू नये.

कॅमेऱ्याचा स्वतःचा फ्लॅश मालवणात बंदच ठेवावा. तो लेन्सच्या शेजारीच असल्यामुळे मधल्या गाळाच्या कणांवर पडलेला उजेड थेट लेन्समध्ये परत येतो, आणि आपले पांढरे ठिपके तेच आहेत. सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान, सूर्य पाठीशी घेऊन नैसर्गिक उजेडातच काम करावे.

मॅन्युअल मोड असल्यास शटर १/१२५ सेकंद, छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ/४ च्या आसपास आणि आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) स्वयंचलित, पण त्याची कमाल मर्यादा ८००, अशी सुरुवात करावी. पळत्या माशांसाठी शटर १/२५० करावे. वाळूचा पांढरा तळ फोटोत जळून (अति उजळ होऊन) जात असेल, तर एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) ०.३ ते ०.७ स्टॉपने खाली आणावे. फोकससाठी मधला एकच बिंदू निवडावा.

रंगांसाठी दोन गोष्टी कराव्यात. पहिली म्हणजे रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ नोंद) घ्यावी; जेपेगमध्ये हरवलेला लाल रंग नंतर पुरेसा परत आणता येत नाही. दुसरी म्हणजे व्हाइट बॅलन्स (पांढरा रंग पांढराच दिसावा यासाठीची रंगांची जुळवणी) स्वयंचलित न ठेवता, पांढरी पाटी समोर धरून त्या खोलीवरच नव्याने मोजून घ्यावा, आणि खोली तीन-चार मीटरने बदलली की पुन्हा मोजावा. बाजारातले लाल फिल्टर निळ्या पाण्यासाठी असतात. मालवणचे पाणी हिरवट असल्यामुळे फिल्टर घ्यायचाच असेल, तर किरमिजी (मॅजेंटा) घ्यावा.

ही सगळी बटणे पाण्यात शोधण्यात वेळ जाऊ नये, म्हणून कॅमेरा हाउसिंगमध्ये घालून घरीच, खोलीत अंधार करून, डोळ्यांनी न पाहता ती फिरवण्याचा सराव करावा. मी हा सराव पंधरा दिवस रोज रात्री केला होता आणि त्याचा फायदा नव्या कॅमेऱ्याहूनही अधिक झाला, असे माझे ठाम मत आहे.

हाउसिंग बोटीवर बंद करू नये. किनाऱ्यावरची दमट हवा आत अडकली की गार पाण्यात काचेवर आतून वाफ जमते; आदल्या रात्री वातानुकूलित खोलीत, सिलिका जेलची पुडी घालून ते बंद करावे. त्याआधी ओ-रिंगवर (झाकणाच्या रबरी कड्यावर) केस किंवा वाळूचा कण नाही ना, हे उजेडात तपासावे, कारण एका केसानेही पाणी आत शिरू शकते.

आपण ओपन वॉटर कोर्स (डायव्हिंगचा प्राथमिक प्रमाणपत्र अभ्यासक्रम) पूर्ण केलेला नसेल, तर मात्र या वेळी कॅमेरा वर बोटीवर ठेवावा, ही माझी कळकळीची विनंती आहे. बॉयन्सी (पाण्यात न बुडता, न वर जाता अधांतरी राहण्याचा तोल) हातात नसताना फोटोत गुंतलेला माणूस नकळत तळाला टेकतो, फिनने प्रवाळ मोडतो आणि वाळू उडवून सगळ्यांचेच पाणी गढूळ करतो. शिवाय हवा किती उरली आहे याकडेही त्याचे लक्ष राहत नाही.