८७ सिल्व्हिया हे नाव आले कुठून?

८७ सिल्व्हिया या लघुग्रहाचे नाव फ्लामारियाँ या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाच्या पत्नीवरून पडले का, आणि लघुग्रह शोधणाऱ्याला हवे ते नाव देता येते का, असे तुम्ही विचारले आहे.

पहिल्याचे उत्तर, नाही. त्या बाईंचे नाव सिल्वी, म्हणून तसा समज पसरला. पण शोध जाहीर करताना नॉर्मन पॉगसन यांनी रिया सिल्व्हियाचेच नाव घेतले होते. दंतकथेत रोम वसवणाऱ्या रोम्युलस आणि रीमस या जुळ्यांची ही आई.

शोध लागला १६ मे १८६६ रोजी, मद्रास वेधशाळेतून. तेव्हा आकाशाचे फोटो काढून लघुग्रह शोधत नसत. दुर्बिणीत दिसणारा एकेक ठिपका नकाशाशी ताडायचा, नवखा वाटला तर पुन्हा बघून तो सरकतो का ते पाहायचे. मी आठ इंची दुर्बिणीतून सिल्व्हिया असाच पाहिला. वहीत बारीक बारीक तारे मांडले, दुसऱ्या रात्री त्यातला एकच जागेवर नव्हता! पण मला कुठे बघायचे ते आधीच माहीत होते. पॉगसन यांना ते सांगणारे कोणी नव्हते, म्हणून मला त्या कामाचे फार मोल वाटते. (१८६१ मध्ये त्यांना तिथूनच ६७ एशिया सापडला होता. आशिया खंडातून सापडलेला हा पहिलाच, म्हणून ते नाव.)

पुढची गोष्ट मला सर्वांत आवडते. सिल्व्हियाभोवती एक चंद्र २००१ मध्ये सापडला, दुसरा २००५ मध्ये जाहीर झाला. दोन चंद्र असलेला हा माहीत झालेला पहिला लघुग्रह. त्यांची नावे ठेवली रोम्युलस आणि रीमस. पॉगसन यांनी नावामागचे कारण लिहून ठेवले नसते तर ही जोडी जुळली नसती. शिवाय चंद्रांच्या फेऱ्यांवरून सिल्व्हियाचे वस्तुमान काढता आले. घनता पाण्याहून थोडीच जास्त निघाली, म्हणजे हा अखंड खडक नसून आत बऱ्याच पोकळ्या असलेला ढिगारा असावा.

आता दुसरा प्रश्न. कक्षा पक्की झाली की लघुग्रहाला क्रमांक मिळतो, आणि मग १० वर्षे नाव सुचवण्याचा पहिला हक्क शोधकाचा. मंजुरी मात्र आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाची समिती देते. नाव रोमन लिपीत १६ अक्षरांत बसावे लागते, व्यापारी नाव चालत नाही, आणि राजकीय किंवा लष्करी कारणाने गाजलेली व्यक्ती असेल तर तिच्या मृत्यूला १०० वर्षे उलटलेली हवीत. प्रस्तावासोबत नावाचे कारण थोडक्यात लिहून द्यावे लागते आणि मंजूर झाल्यावर ते छापले जाते. कुठल्याही नावाबद्दल शंका आली तर आधी तो मजकूर काढून वाचा.