मतदार यादीत नाव आहे की नाही हे निवडणुकीआधी कसं बघायचं, आणि ते कोणी कापू नये म्हणून काय करायचं?

बघायचं काम सोपंय. निवडणूक आयोगाच्या साइटवर मतदार कार्डावरचा नंबर टाका नाहीतर १९५० ला फोन लावा. कापू नये म्हणून काय करायचं, ते मात्र आमच्या घरच्यांना विचारा.

आम्ही पारोळ्याकडचे. आईनं १३ मे २०२४ ला लोकसभेचं मत गावातच दिलं. मग बहिणीचं बाळंतपण आलं म्हणून ती सुरतला गेली, घराला कुलूप. त्याच काळात यादी दुरुस्तीसाठी बीएलओ ताई, म्हणजे आपल्या भागाची मतदार यादी सांभाळणाऱ्या, घरोघर फिरत होत्या, कुलूप बघून त्यांनी शेजारी विचारलं. शेजारी म्हणजे आमचा चुलत मोठा भाऊ, ज्याच्याशी बांधावरून आमचं जुनंच. त्यानं ओट्यावरूनच सांगून टाकलं, "त्या सुरतले ऱ्हातस." झालं. नोटीस काढली असेलही, पण ती कुलपालाच वाचून दाखवली असणार.

विधानसभेला, २० नोव्हेंबरला, आई नवं लुगडं नेसून कार्ड घेऊन रांगेत. टेबलावरच्या माणसानं यादीवर बोट फिरवलं, थांबला, कागद आमच्याकडे वळवला. तिच्या नावाआधी इंग्रजी 'एस' छापलेला, म्हणजे स्थलांतरित. मेलेल्यांना 'ई' असतो. आई सगळ्या शाळेला ऐकू जाईल असं बोलली, "मी काय मरी गऊ का रे भाऊ?" कार्ड हातात, बोटाला शाई नाही, घरी परत. त्या दिवशी कोणीच काही करू शकत नाही हो, कलेक्टर आला तरी नाही. उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख गेली की यादीत नवं नाव घालता येत नाही. कार्ड आहे ना, मग मत आहे, असं म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. कार्ड फक्त ओळखीला, मत यादीवर.

दादा आजही म्हणतो मी खरं तेच सांगितलं. नाही सांगितलं. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात स्पष्ट आहे की तात्पुरतं बाहेर गेल्यानं माणूस त्या ठिकाणचा रहिवासी राहत नाही असं होत नाही. बाळंतपणाला जाणं म्हणजे बिऱ्हाड हलवणं नाही, आणि स्थलांतर म्हणून नाव काढायच्या आधी त्या माणसाला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, हेही त्याच कायद्यात आहे. नाव कापायचा ७ नंबरचा फॉर्म भरून खोटं लिहून दिलं तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. तोंडी सांगणारा मात्र सुटतो, म्हणून तर ओट्यावर बसून सांगतात.

आम्ही नंतर नाव घालायचा ६ नंबरचा फॉर्म परत भरला, नाव आलं. तुम्ही एवढं करा, निवडणूक जाहीर व्हायची वाट न बघता आपल्या भागाच्या यादीची पीडीएफ उतरवा आणि घरातल्या प्रत्येकाचं नाव डोळ्यांनी बघा, म्हाताऱ्यांचं आधी. बाहेर जाणार असाल तर बीएलओचा नंबर घेऊन ठेवा, आणि चार महिने कुलूप राहणार हे त्यांना स्वतः सांगा, भाऊबंदांवर सोडू नका. बीएलओ बहुतेक अंगणवाडीच्या ताई नाहीतर मास्तर असतात, त्यांच्यावर राग काढून उपयोग नाही, त्यांच्या डोक्यावर कामं किती ते बघा. नगरपालिका-झेडपीला विधानसभेचीच यादी वॉर्डाप्रमाणे फोडतात, त्यामुळे तेव्हा नवं नाव घाला म्हणून भांडू नका, फारतर चुकीच्या वॉर्डात गेलेलं किंवा विधानसभेच्या यादीत असून सुटलेलं नाव दुरुस्त होतं.

हां, आता जे खरंच सुरतच्या उधना-लिंबायतला कायमचे राहतात त्यांनी गावचं नाव धरून बसू नये. दोन मतदारसंघात नाव ठेवता येत नाही, ८ नंबरचा फॉर्म भरून तिकडे न्यायचं. दादाचा मुलगा कित्येक वर्षं उधन्यात आहे, बायको-पोरं तिथं, रेशन तिथं, त्याचं नाव मात्र गावच्या यादीत शाबूत. बीएलओ ताईंना ते कोणी ओट्यावरून सांगितलं नाही.