दीर्घिकेत ताऱ्यांशिवाय काय असतं आणि सोलापुरातून एखादी दिसते का?

तुमचा प्रश्न असा आहे की दीर्घिका म्हणजे तारेच तारे, मग पुस्तकात वायू, धूळ, कृष्णद्रव्य असलं काय काय का लिहिलेलं असतं? आणि सोलापुरात राहून एखादी दीर्घिका नुसत्या डोळ्यांनी बघता येईल का?

आधी शब्दांचा घोळ मिटवू. दीर्घिका म्हणजे इंग्रजीतली गॅलेक्सी, आणि आकाशगंगा हे आपल्या दीर्घिकेचं नाव. सूर्य तिच्यातला, आपण तिच्यातले. ती साधारण 1 लाख प्रकाशवर्षं रुंद आहे (प्रकाश वर्षभरात कापतो ते अंतर म्हणजे एक प्रकाशवर्ष), तिच्यात किमान 10 हजार कोटी तारे आहेत, आणि सूर्य केंद्रापासून सुमारे 26 हजार प्रकाशवर्षांवर आहे. अशा बाकीच्या सगळ्या त्या दीर्घिका. काही आपल्यासारख्या सर्पिल, काही लंबगोल, काहींना धड आकारच नाही.

आता ताऱ्यांशिवाय काय, ते. मला या प्रश्नाचं वेड लहानपणी गच्चीवर लागलं. मे महिन्यात सोलापुरात घरात झोप लागत नाही, सगळं घर वर अंथरूण टाकायचं. मध्यरात्रीनंतर वीज गेली की गल्ली काळीकुट्ट व्हायची आणि दक्षिणेला वृश्चिकाच्या नांगीजवळून आकाशगंगेचा दुधी पट्टा वर चढलेला दिसायचा. पण मधोमध तो फाटल्यासारखा काळा. मी वडिलांना विचारायचे, तिथले तारे कुठे गेले? ते लूमवर काम करायचे. त्यांना ठाऊक नव्हतं, आणि तसं त्यांनी सरळ सांगितलं.

तारे गेलेले नाहीत. त्यांच्या अलीकडे धूळ आहे. वडिलांच्या कारखान्यात सुताचे बारीक तंतू इतके उडायचे की टोकाचा दिवा मंद दिसायचा, तसंच हे. ही धूळ आपल्या रस्त्यावरची नव्हे. धुराच्या कणांएवढे बारीक कण, काही काजळीच्या जातीचे, काही वाळूच्या. वजनात ती वायूच्या जेमतेम शंभराव्या हिश्शाएवढी, तरी एवढा प्रकाश अडवते. वळवाच्या आधी धुळीचे लोट उठतात तेव्हा मावळता सूर्य कसा लालभडक होतो? धूळ निळा प्रकाश जास्त अडवते, लाल त्यामानाने निसटतो, आणि लालच्या पलीकडचे, डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण तर बरेचसे आरपार येतात. म्हणूनच अवरक्त दुर्बिणींनी आकाशगंगेचं केंद्र बघता आलं. तिथला एक तारा एका अदृश्य गोष्टीभोवती 16 वर्षांत फेरी मारतो. त्यावरून हिशोब निघाला की तिथे सुमारे 40 लाख सूर्यांच्या वजनाचं कृष्णविवर आहे. राइनहार्ड गेन्झेल आणि अँड्रिया गेझ यांना 2020 च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला तो याच कामासाठी.

वायू मुख्यतः हायड्रोजन. तो थंड असतो तेव्हा डोळ्यांना दिसत नाही, पण 21 सेंटिमीटर तरंगलांबीच्या रेडिओ लहरी सोडतो. त्या टिपणारी मोठी यंत्रणा आपल्याच राज्यात आहे: नारायणगावजवळ खोडदला, प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना. हाच वायू धुळीसकट आकसतो आणि त्यातून नवे तारे जन्मतात. थंडीत मृगाच्या तीन ताऱ्यांखाली एक अंधूक ठिपका दिसतो, तिथे आत्ता हेच चाललंय. त्यामुळे तो काळा पट्टा मला कधीच रिकामा वाटत नाही. उद्याच्या ताऱ्यांचा कच्चा माल तिथे भरलेला आहे.

कृष्णद्रव्याचं कोडं मात्र अजून सुटलेलं नाही. 1970 च्या दशकात खगोलशास्त्रज्ञ व्हेरा रुबिन यांनी दीर्घिकांच्या कडेचे तारे-वायू केंद्राभोवती किती वेगाने फिरतात ते मोजलं. केंद्रापासून दूर जाल तसा वेग घटायला हवा होता, तो घटत नव्हता. म्हणजे दिसतं त्याहून कितीतरी जास्त वस्तुमान तिथे असणार. त्या न दिसणाऱ्या वस्तुमानालाच कृष्णद्रव्य म्हणतात. ते कशाचं बनलंय, हे अजून कुणालाच सांगता आलेलं नाही.

आता बघायचं म्हणाल तर देवयानी दीर्घिका बघा. ती आपल्यापासून 25 लाख प्रकाशवर्षं दूर आहे. आपली आकाशगंगा दीड किलोमीटर रुंदीची थाळी मानली आणि ती सोलापुरात ठेवली, तर देवयानी अक्कलकोटच्या आसपास येते. 1923 साली खगोलशास्त्रज्ञ एडविन हबल यांना तिच्यात एक रूपविकारी तारा सापडला, म्हणजे ज्याची चमक कमी-जास्त होते आणि त्यावरून अंतर काढता येतं असा, तेव्हा कुठे कळलं की ती आकाशगंगेच्या पार बाहेरची आहे.

शहरातून ती दिसणार नाही, दिव्यांचा उजेड फार. दिवाळीच्या अमावास्येला किंवा त्यानंतरच्या दोनचार रात्री बार्शी रस्त्याने नान्नजच्या पुढे ओळखीच्या कुणाच्या शेतात जा. डोळे अंधाराला सरावेपर्यंत वीस मिनिटं मोबाईल खिशातच ठेवा. नऊ-दहाच्या सुमाराला उत्तरेकडे तोंड करून शर्मिष्ठा या तारकासमूहाचा इंग्रजी एम सारखा आकार शोधा आणि तिथून नजर वर, डोक्याकडे न्या. फुंकर मारलेल्या काचेवरच्या डागासारखं काहीतरी दिसेल. रोखून पाहिलं की ते नाहीसं होतं, म्हणून नजर जराशी बाजूला ठेवा.