१६ इंची नळीसाठी गॅस प्रणाली किती लांबीची घ्यावी?

अमेरिकेत पहिलीच एआर-१५ रायफल घेताना १६ इंची नळीवर कार्बाइन लांबीची गॅस प्रणाली घ्यावी की मिड-लेंग्थ, आणि ‘दोन्ही सारख्याच चालतात’ हे दुकानदाराचे म्हणणे कितपत खरे, असा तुमचा प्रश्न आहे. चालतात दोन्ही, पण सारख्या चालत नाहीत. ५.५६ मिमी काडतुसासाठी मी तुम्हाला निःसंकोच मिड-लेंग्थ घ्यायला सांगेन. त्यामागचे कारण मात्र नीट समजून घ्या, कारण उद्या दुसरी नळी घेताना तेच उपयोगी पडेल.

एआर-१५ चे रचनाकार युजीन स्टोनर यांच्या या रचनेत गोळी नळीतून पुढे जाताना वरच्या अंगाला असलेले एक बारीक छिद्र ओलांडते. त्या क्षणी तिच्यामागचा तप्त वायू छिद्रातून वर चढतो, गॅस ट्यूबमधून उलटा मागे येतो आणि बोल्ट कॅरियरमध्ये, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणाऱ्या बोल्टला वाहून नेणाऱ्या भागात, शिरून त्याला मागे लोटतो. बोल्ट फिरून सुटतो, रिकामी पुंगळी बाहेर फेकली जाते आणि परतीच्या फेरीत पुढचे काडतूस चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी असलेल्या काडतुसाच्या खोबणीत, बसते. गोळी नळीच्या तोंडाबाहेर पडली की दाब एकदम कोसळतो आणि वायूचा पुरवठा थांबतो. म्हणून दोन अंतरे पाहायची असतात. छिद्र चेंबरच्या जितके जवळ, तितका आत शिरणाऱ्या वायूचा दाब जास्त. आणि छिद्राच्या पुढे नळी जितकी लांब, तितका तो दाब जास्त वेळ टिकतो.

आता ढोबळ मापे पाहा. नळीच्या मागच्या टोकापासून मोजता छिद्र कार्बाइन प्रणालीत सुमारे ७.८ इंचांवर, मिड-लेंग्थमध्ये ९.८ इंचांवर आणि रायफल-लेंग्थमध्ये १३ इंचांवर असते. मूळच्या २० इंची रायफलमध्ये छिद्रापुढे साधारण ७ इंच नळी उरत असे. लष्कराची एम-४ ही १४.५ इंची असून तिला कार्बाइन प्रणाली आहे. तिथेही छिद्रापुढे पावणेसात इंचांच्या आसपासच नळी उरते. पण अमेरिकेत १६ इंचांपेक्षा आखूड नळीची रायफल १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टखाली येते आणि तिची वेगळी नोंदणी करावी लागते. त्यामुळे नागरी बाजारासाठी नळी दीड इंचाने वाढली, छिद्र मात्र एम-४ च्याच जागी राहिले. परिणाम असा की छिद्रापुढे सव्वाआठ इंच नळी, शिवाय छिद्रापाशी दाबही चढा; म्हणजे दोन्ही बाजूंनी वायूचा अतिरेक. मिड-लेंग्थमध्ये तेच अंतर सव्वासहा इंचांवर येते आणि छिद्र दोन इंच पुढे सरकल्यामुळे दाबही उतरलेला असतो.

हा फरक मी पुंगळ्यांवर पाहिला आहे. मी काडतुसे घरी पुन्हा भरतो, त्यामुळे रेंजवरून उठताना पुंगळ्या वेचून घेणे ही माझी सवयच झाली आहे. एकदा मित्राची १६ इंची कार्बाइन आणि माझी १६ इंची मिड-लेंग्थ आम्ही एकाच खोक्यातल्या काडतुसांनी चालवली. माझ्या पुंगळ्या उजवीकडे, किंचित मागे, एका ढिगात पडल्या. मित्राच्या पुंगळ्या मात्र पुढे, घड्याळातल्या एक-दोनच्या दिशेने उडाल्या होत्या आणि कित्येकींच्या बुडाची कड एक्स्ट्रॅक्टरने, म्हणजे पुंगळी बाहेर ओढणाऱ्या आकड्याने, ओढून वाकवली होती. चेंबरमधला दाब पुरेसा उतरण्याआधीच पुंगळी उपसली जात असल्याची ही खूण आहे. झटका तर वाढतोच, पण मला खरी काळजी वाटते ती बोल्टच्या दात्यांची आणि एक्स्ट्रॅक्टरची, कारण वर्षानुवर्षांचा हा जादा मार तेच सोसतात.

लांबीइतकेच महत्त्व छिद्राच्या व्यासाला आहे, हे मात्र विसरू नका. कमकुवत, स्वस्त काडतुसांवरही रायफल अडू नये म्हणून काही उत्पादक छिद्र मुद्दाम मोठे ठेवतात, आणि मग मिड-लेंग्थ असूनही वायू जास्तच होतो. उलट छिद्र नेमके असलेली कार्बाइन वर्षानुवर्षे उत्तम चालते. तुमच्याकडे कार्बाइन नळी आधीच असेल तर ती टाकून देऊ नका; बोल्ट कॅरियरच्या मागे स्प्रिंगसोबत सरकणारे वजन म्हणजे बफर; साध्या ३ औंसांच्या बफरऐवजी जड बफर घातला तरी बोल्टची धाव बरीच सावरते. सप्रेसर (आवाज दाबणारी नळकांडी) लावायचा असेल तर त्याने मागे येणारा वायू आणखी वाढतो, तेव्हा वायू कमी-जास्त करता येणारा गॅस ब्लॉक (छिद्रावर बसून वायू ट्यूबमध्ये वळवणारा ठोकळा) घेणेच श्रेयस्कर. .३०० ब्लॅकआउट या दुसऱ्या काडतुसाचे गणित निराळे. त्यात दारू थोडी आणि लवकर जळणारी असल्यामुळे आखूड प्रणालीच लागते.

नळी बसवून झाल्यावर तुम्ही वापरणार असलेल्यांपैकी सर्वांत कमकुवत काडतूस घ्या, मॅगझीनमध्ये एकच भरा आणि झाडा. बोल्ट मागे अडकून राहिला तर वायू पुरेसा आहे. न अडकता पुढे आला, तर मॅगझीन बदलून पुन्हा पाहा. तरीही तसेच झाले तर गॅस ब्लॉक छिद्रावर सरळ बसला आहे का, हे आधी तपासा, कारण नव्या जुळणीत बहुधा तोच किंचित सरकलेला सापडतो.